विंचूदंश, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचे स्वनियंत्रण

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनंतर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वार्षिक सभेचे कामकाज आटोपल्यानंतर एखाद्या वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. या वर्षी ती जबाबदारी माझ्याकडे आली. व्याख्यानाचे शीर्षक वाचून काहींना वाटले असेल की, मज्जातंतूंचे स्वनियंत्रण हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गात शिकवण्याचा विषय आहे. बीड जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या सभेत त्याचे काय प्रयोजन? त्याचे प्रयोजन आपल्या शेतात, गोठ्यात, कडब्याच्या गंजीत आणि ऊसतोड कामगारांच्या कोपीत आहे. विंचूदंशाने माणूस का दगावतो आणि एका स्वस्त गोळीने तो का वाचतो, हे समजून घ्यायचे असेल, तर मज्जातंतू आणि रक्तवाहिनी यांच्यामधील व्यवहार समजून घ्यावा लागतो. तो व्यवहार शक्य तितक्या सोप्या भाषेत आपल्यासमोर मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रारंभी माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. तो सांगताना आजही मन संकोचते; परंतु तो सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाची ती अखेरची वर्षे होती. मी नुकताच पदवी घेऊन एका लहानशा दवाखान्यात काम करू लागलो होतो. उन्हाळ्यातील एका रात्री आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील खांद्यावर टाकून घेऊन आले. सायंकाळी सरपण काढताना त्याला विंचू डसला होता. मुलगा फारसा रडत नव्हता. दंशाची जागा थोडीशीच लाल होती. दोनदा उलटी झाली होती आणि सदरा घामाने भिजला होता. वेदना कमी आहे, म्हणजे विषही कमीच भिनले असणार, असा तर्क मी केला. वेदनाशामक इंजेक्शन दिले आणि वडिलांना धीर दिला. ते म्हणाले, "डाक्टरसाहेब, लेकराचे हातपाय लई गार लागायलेत." मी म्हणालो, घाम आला आहे, वारा लागला असेल, पांघरूण घाला. पहाटे मुलाला धाप लागली, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला. मोठ्या गावाकडे नेण्यासाठी जीप मिळेपर्यंत उशीर झाला होता. तो मुलगा वाटेतच गेला.

त्या वडिलांनी मला निदानच सांगितले होते. हातपाय गार पडणे म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळले नाही. ते का गार पडतात, हेच आज सांगायचे आहे.

आपल्या शरीरातील रोहिण्या म्हणजे केवळ रबरी नळ्या नव्हेत. त्यांच्या भित्तिकेत अनैच्छिक स्नायूंचा एक थर असतो. हाताचे, पायाचे स्नायू आपल्या इच्छेने हलतात. हे स्नायू आपल्या इच्छेला दाद देत नाहीत. ते आकुंचन पावले की रक्तवाहिनी अरुंद होते, सैल पडले की ती रुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाखाली तिच्यातून जाणारा प्रवाह निम्मा होत नाही, तर सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून लहान रोहिण्यांमधील स्नायूंनी किंचितही आकुंचन पावणे, ही शरीराच्या दृष्टीने मोठी घटना असते. कोणत्या अवयवाला किती रक्त द्यायचे आणि रक्तदाब किती ठेवायचा, याचा निर्णय बव्हंशी या लहान रोहिण्यांमध्ये होतो.

या स्नायूंना आज्ञा देणारे मज्जातंतू अनुकंपी मज्जासंस्थेचे असतात. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सशाच्या मानेतील अनुकंपी मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान उबदार झाल्याचे त्याला आढळले. मज्जातंतूची आज्ञा थांबताच कानातील रक्तवाहिन्या सैल झाल्या आणि तेथे अधिक रक्त खेळू लागले. मज्जातंतू तुटला तर अवयव उबदार होतो. मग मज्जातंतू अतिरेकाने चेतला तर? अवयव गार पडतो. माझ्या दवाखान्यात आलेल्या त्या मुलाच्या हातापायांत हेच घडत होते.

ही आज्ञा विजेच्या तारेप्रमाणे थेट स्नायूला टेकून दिली जात नाही. रक्तवाहिनीवर पसरलेला अनुकंपी मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. प्रत्येक मण्यात अतिसूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत नॉरॲड्रेनॅलीन नावाचे संदेशवाहक द्रव्य साठवलेले असते. त्याच्यासोबत एटीपीसारखी इतर द्रव्येही असतात. लहान रोहिण्यांमध्ये मणी आणि स्नायू यांच्यातील अंतर साधारणपणे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके असते. संदेशाची लहर मण्यापर्यंत आली की मण्याच्या आवरणातील सोडियमची द्वारे क्षणभर उघडतात, आवरणाचा विद्युत्भार पालटतो, त्यामुळे कॅल्शियमची द्वारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि त्याच्या सांगण्यावरून एखादी पिशवी आपले द्रव्य बाहेर रिकामे करते. ते द्रव्य स्नायूवरील अल्फा-१ नावाच्या ग्राहींना, ज्यांना आम्ही डॉक्टर मंडळी रिसेप्टर म्हणतो, जाऊन चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो.

अनुकंपी मज्जातंतूंचे संदेशवाहक द्रव्य नॉरॲड्रेनॅलीन हेच आहे, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखवून दिले. संदेशवाहक द्रव्य ठरावीक मापाच्या पुड्यांनी बाहेर पडते, हे बर्नार्ड कॅट्झ यांनी सिद्ध केले. बाहेर पडलेले नॉरॲड्रेनॅलीन मज्जातंतू स्वतःच पुन्हा आत ओढून घेतो, हे अमेरिकेच्या ज्यूलियस ॲक्सलरॉड यांनी शोधले. या तिघांना मिळून १९७० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. संदेशाची प्रत्येक लहर आली की प्रत्येक मणी आपली पिशवी रिकामी करतो, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. अनेक लहरी येऊन जातात, तरी एखादा मणी गप्पच राहतो. मज्जातंतू अत्यंत काटकसरी आहे, आणि ही काटकसर त्याने स्वतःवर घालून घेतलेल्या नियंत्रणामुळे साधते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अनेक प्रयोगशाळांतील संशोधकांच्या ध्यानात आले की, नॉरॲड्रेनॅलीनला ओळखणारे ग्राही केवळ स्नायूवर नसतात, तर ते सोडणाऱ्या मज्जातंतूच्या मण्यांवरही असतात. या ग्राहींना पुढे अल्फा-२ हे नाव मिळाले. बाहेर सोडलेले द्रव्य पुरेसे साचले की ते या ग्राहींना लागते आणि मज्जातंतूला कळते की, आता पुरे. मण्यात शिरणारे कॅल्शियम कमी होते आणि पुढच्या पिशव्या उघडण्याचे थांबते.

आपण सारे शेतीशी संबंधित माणसे आहोत. रात्री पिकाला पाणी देताना दारे धरणारा माणूस वाफ्याच्या कडेला उभा असतो. वाफा भरला, हे पाणीच त्याला सांगते. मग तो मातीचे दार लावून पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवतो. तो झोपी गेला, तर विहिरीत पाणी असेपर्यंत एकच वाफा भरत राहील आणि बांध फुटेल. अल्फा-२ ग्राही म्हणजे मज्जातंतूच्या टोकाशी उभा असलेला, दारे धरणारा माणूस आहे.

हे नियंत्रण एकट्या अल्फा-२ ग्राहींवर अवलंबून नाही. बाहेर पडलेल्या द्रव्याचा मोठा भाग मज्जातंतू पुन्हा आत ओढून घेतो. काम करणाऱ्या ऊतींतून निर्माण होणारे अॅडेनोसिन मज्जातंतूला हात आखडता घ्यायला लावते. त्यामुळे ज्या अवयवाला रक्ताची गरज आहे, तेथे रक्तवाहिन्या सैल राहण्यास मदत होते. उलट, अँजिओटेन्सिन हे द्रव्य मज्जातंतूला अधिक नॉरॲड्रेनॅलीन सोडण्यास प्रवृत्त करते. या सर्व सूचनांचा मेळ घालून प्रत्येक क्षणी किती द्रव्य सोडायचे, हे मज्जातंतूच्या टोकाशीच ठरते. आपण सकाळी अंथरुणावरून उठून उभे राहतो, तेव्हा गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांकडे उतरते. तरीही आपल्याला भोवळ येत नाही, कारण काही क्षणांत पायांच्या व पोटाच्या रक्तवाहिन्या योग्य तेवढ्या आवळल्या जातात. अधिक नाही आणि उणे नाही. आपल्या नकळत हे काम दिवसभर चालू असते.

या सुव्यवस्थेवर विंचवाचे विष घाला घालते. आपल्याकडे दोन प्रकारचे विंचू सर्वांना ठाऊक आहेत. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, तिचा डंख अतिशय वेदनादायक. परंतु तिच्या दंशाने जीव जाणे फार विरळा. याउलट, आकाराने लहान, तांबूस रंगाचा लाल विंचू हा खरा धोकादायक आहे. दगडांच्या सांदीत, ढेकळांखाली, शेणाच्या गोवऱ्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, विटांच्या ढिगात त्याचा वास असतो आणि रात्री तो भक्ष्यासाठी बाहेर पडतो. त्याच्या विषातील काही प्रथिने मज्जातंतूंवरील सोडियमच्या द्वारांना चिकटतात. ही द्वारे क्षणभर उघडून लगेच मिटायला हवीत. विषामुळे ती मिटतच नाहीत. मज्जातंतूला एकामागून एक लहरी येत असल्याचा भास होत राहतो, कॅल्शियम आत शिरत राहते आणि पिशव्या रिकाम्या होत राहतात. दारे धरणारा माणूस जागा असतो, पण पाण्याचा लोंढाच इतका मोठा असतो की त्याचे बळ अपुरे पडते.

या लोंढ्याचे दोन टप्पे असतात. प्रारंभी ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या संदेशवाहक द्रव्याचा जोर दिसतो. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ सुटणे, मुलांत व पुरुषांत इंद्रियाला येणारा ताठरपणा, ही त्याची चिन्हे होत. त्याच सुमारास नॉरॲड्रेनॅलीन व ॲड्रेनॅलीन यांचा पूर येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ते गार पडतात. रक्तदाब वाढतो. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. या द्रव्यांच्या माऱ्याने हृदयाच्या स्नायूलाही इजा होते. मग हृदय मागे येणारे रक्त पुढे पाठवू शकत नाही, ते फुप्फुसांत तुंबते, फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्णाला धाप लागून गुलाबी फेस येतो. दंशापासून या अवस्थेपर्यंतचा प्रवास काही तासांचा असतो. हातपाय गार पडणे ही त्या प्रवासाची पहिली पायरी आहे. आणि तिथेच थांबवता आले, तर माणूस वाचतो.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. याच लाल विंचवाच्या विषातून १९९० साली इबेरिओटॉक्सिन नावाचे एक प्रथिन वेगळे करण्यात आले. रक्तवाहिनीच्या स्नायूत पोटॅशियमची काही द्वारे असतात. ती उघडली की स्नायू सैल पडतो. इबेरिओटॉक्सिन नेमकी तीच द्वारे बंद करते. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरातील प्रयोगशाळांत हे प्रथिन एक साधन म्हणून वापरले जाऊ लागले. आपल्या माळरानावरील दगडाखालच्या या जिवाने वैद्यकशास्त्राला शिकवलेही आहे.

विंचूदंशावरील उपचाराची कथा मात्र प्रयोगशाळेत घडली नाही. ती महाराष्ट्रातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात घडली, आणि तिचा नायक आपल्या मराठवाड्याचा सुपुत्र आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात झाला. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचे प्रमाण मोठे. धडधाकट माणसे व लहान मुले विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होऊन मरत होती आणि त्या काळी प्रचलित असलेल्या उपचारांनी त्यांना गुण येत नव्हता. डॉ. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब, श्वास यांच्या बारकाईने नोंदी घेतल्या. कोणती लक्षणे पुढील संकटाची पूर्वसूचना देतात, याविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रोगाचे मूळ जर रक्तवाहिन्या आवळण्यात असेल, तर त्या सैल करणे हाच उपचार, हा त्यांचा तर्क होता. अत्यवस्थ रुग्णांना त्यांनी शिरेतून सोडियम नायट्रोप्रुसाइड दिले. परंतु ते औषध देताना सतत देखरेख लागते आणि खेड्यात ते देणे कठीण. मग त्यांनी रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या तोंडाने घेण्याच्या गोळीकडे लक्ष वळवले. तिच्या उपयोगाविषयीचे त्यांचे निरीक्षण, पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासमवेत, १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास सांगितले जाई. या औषधाच्या वापरानंतर ते शंभरात एकाहूनही खाली आल्याचे नोंदवले गेले. २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन गौरवले.

आता प्राझोसिनच का, या प्रश्नाकडे वळू. कारण मघाशी सांगितलेल्या स्वनियंत्रणाचे महत्त्व येथे प्रकट होते. रक्तवाहिनीवरील नॉरॲड्रेनॅलीनचा परिणाम रोखणारी जुनी औषधे अल्फा-१ आणि अल्फा-२ या दोन्ही ग्राहींना बंद करतात. त्यामुळे रक्तवाहिनी सैल पडते खरी. परंतु त्याच वेळी मज्जातंतूवरील, दारे धरणारा माणूसही झोपवला जातो. मज्जातंतूला "आता पुरे" हा निरोपच मिळत नाही आणि तो आणखी नॉरॲड्रेनॅलीन सोडू लागतो. ते हृदयावर जाऊन आदळते आणि नाडी अधिकच धावू लागते. प्राझोसिन स्नायूवरील अल्फा-१ ग्राही बंद करते आणि मज्जातंतूवरील अल्फा-२ ग्राहींना हात लावत नाही. रक्तवाहिनी सैल होते, हृदयावरील ओझे उतरते आणि मज्जातंतूचे उरलेसुरले स्वनियंत्रण शाबूत राहते. शत्रूला अडवावे आणि आपल्या पहारेकऱ्याला धक्का लावू नये, हे या गोळीचे वैशिष्ट्य आहे. सूक्ष्मदर्शकाखालच्या एका मण्यावरील ग्राहीचे ज्ञान आणि वस्तीवरील एका लेकराचा जीव, यांचे नाते इतके जवळचे आहे.

विंचवाच्या विषावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो का, याची चाचणी बावस्कर दांपत्याने घेतली आणि तिचा निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ७० रुग्ण होते. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ रुग्ण तितक्या वेळात बरे झाले. याचा अर्थ प्रतिविष रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते आणि प्राझोसिन विषाने घडवलेला परिणाम रोखते. दोघांचे काम निरनिराळे आहे. प्रतिविष हाताशी नसेल, तर त्याची वाट पाहत प्राझोसिन लांबवू नये, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे.

माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी तीन सूचना करतो. पहिली, प्राझोसिनची मात्रा रुग्णाच्या वजनाप्रमाणे, दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने द्यावी आणि हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी तिचा पुन्हा विचार करावा. उपचार लागू पडत आहे की नाही, हे सांगणारे सर्वांत सोपे यंत्र म्हणजे आपला तळहात. तो रुग्णाच्या पायावर ठेवून पाहावा. दुसरी, औषध दिल्यानंतर रुग्णाला आडवेच ठेवावे. रक्तवाहिन्या एकदम सैल झालेल्या असतात. अशा वेळी रुग्ण उठून उभा राहिला, तर रक्तदाब घसरून तो कोसळू शकतो. लहान मुलाला आई-वडील मायेने उचलून खांद्यावर घेतात. तेही या काळात टाळायला सांगावे. तिसरी, घाम व लाळ पाहून ॲट्रोपिन देण्याचा मोह आवरावा. त्याने घाम सुकेल, पण आधीच वेगाने धावणारे हृदय आणखी वेगाने धावेल. तसेच उलट्या व घामाने रुग्णाच्या शरीरातील पाणी कमी झालेले असते, याचेही भान ठेवावे.

आशाताई आणि गावकरी मंडळींना सांगायचे ते थोडक्यात असे. विंचूदंशात वेदना हे धोक्याचे माप नव्हे. पुष्कळ वेदना आहे, पण उलटी नाही, घाम नाही, हातपाय उबदार आहेत, तर बहुधा काळजीचे कारण नाही. तरी डॉक्टरांना दाखवावे. वेदना थोडी आहे, मूल शांत आहे, पण घाम सुटला आहे, उलटी झाली आहे आणि हातपाय गार आहेत, तर एक क्षणही दवडू नये. दंशाच्या जागी चिरा देणे, घट्ट दोरी बांधणे, मंत्र घालणाऱ्याकडे नेणे यांत जाणारा वेळ हा रुग्णाच्या आयुष्यातून वजा होणारा वेळ आहे. मंत्राने विंचू उतरतो, अशी श्रद्धा का निर्माण झाली असेल, हे समजण्यासारखे आहे. बहुसंख्य दंश आपोआपच बरे होतात आणि त्याचे श्रेय मंत्राला मिळते. परंतु कोणता दंश आपोआप बरा होणार नाही, हे मंत्राला ओळखता येत नाही. गार पडलेल्या हातापायांवरून ते ओळखता येते.

आपल्या जिल्ह्याची परिस्थिती आपण जाणताच. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगांत व माळरानात पसरलेला आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालय आहे. परंतु आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या टोकावरील वस्तीपासून ही ठिकाणे जवळ नाहीत. विंचवाच्या विषाचा प्रवास काही तासांचा आणि आपला रस्त्यावरचा प्रवासही काही तासांचा. म्हणून पहिली गोळी मोठ्या रुग्णालयात नव्हे, तर पहिल्या दवाखान्यात मिळाली पाहिजे. दुसरे असे की, आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाचटाच्या कोपीत, जमिनीवर, लेकराबाळांसह ती कित्येक महिने राहतात. अंधारात उसाच्या मोळ्या उचलताना हात कोठे पडतो, ते दिसत नाही. या कुटुंबांनी जाताना धान्य, भांडी, अंथरूण सोबत न्यावे तसे गार हातापायांचे हे ज्ञानही सोबत न्यावे, अशी माझी इच्छा आहे. रात्री विजेरी वापरणे, पादत्राणे झटकून घालणे, मुलांना शक्यतो जमिनीपासून उंचावर झोपवणे, सरपणात उघडा हात न घालणे, या साध्या गोष्टी पुष्कळ दंश टाळू शकतात.

हे ज्ञान विंचूदंशापुरतेच मर्यादित नाही, हेही जाता जाता सांगतो. आपल्या बाह्यरुग्ण विभागात प्रोस्टेटच्या वाढीसाठी अल्फा-१ रोखणारी गोळी घेणारे अनेक वृद्ध येतात. रात्री लघवीसाठी उठताना भोवळ येते, अशी तक्रार ते करतात. रक्तवाहिन्यांच्या ज्या आवळण्याने आपण उभे राहताना सावरतो, तीच या गोळीने काहीशी मंदावते. त्यांनी आधी बिछान्याच्या कडेला दोन मिनिटे बसावे आणि मग उठावे. रक्तदाबासाठी दिले जाणारे क्लोनिडिन हे औषध अल्फा-२ ग्राहींना चेतवते, म्हणजे अनुकंपी मज्जासंस्थेला "आता पुरे" हा निरोप बळेच पोहोचवते. ते एकाएकी बंद केले, तर रोखून धरलेला लोंढा परत येतो आणि रक्तदाब धोकादायकरीत्या उसळू शकतो. म्हणून असे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

विश्वस्त मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. आपल्या तातडीच्या सेवा विभागात आणि फिरत्या दवाखान्यात प्राझोसिनच्या गोळ्या कधीही संपू नयेत, अशी व्यवस्था असावी. उन्हाळ्याच्या तोंडाशी व ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी परिसरातील डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंसाठी दरवर्षी एक दिवसाचे प्रशिक्षण व्हावे. आणि विंचूदंशाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद, दंशाची वेळ, येण्याची वेळ, हातापायांची ऊब, पहिल्या गोळीची वेळ, एका वेगळ्या वहीत ठेवली जावी. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठी यंत्रे नव्हती. नोंदवही होती आणि ती भरणारा जागरूक डॉक्टर होता.

शेवटी पुन्हा त्या रात्रीकडे येतो. ज्या वेळी तो मुलगा माझ्यासमोर होता, त्या वेळी त्याच्या आजाराचे उत्तर छापून आलेले होते. ते शेजारच्या जिल्ह्यात जन्मलेल्या एका डॉक्टरांनी शोधले होते. लंडनपर्यंत ते पोहोचले होते. माझ्या दवाखान्यापर्यंत ते पोहोचले नव्हते, आणि ते शोधत मीही गेलो नव्हतो. ज्ञान निर्माण होणे आणि ज्ञान पोहोचणे यांमधील हे अंतर मिटवणे, हेच आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाचे खरे कार्य आहे, अशी माझी नम्र धारणा आहे. यापुढे या दारात कोणी बाप आपले लेकरू घेऊन आला आणि हातपाय गार पडल्याचे म्हणाला, तर येथील प्रत्येकाला, डॉक्टरांपासून दारावरच्या सेवकापर्यंत, त्या वाक्याचा अर्थ ठाऊक असावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.